आलेला पर्यटक एक रात्र जास्त कसा थांबेल? जुन्या शहरात हेरिटेज टुरिझम उभं करणाऱ्यांसाठी

वेरूळ बघायला आलेला माणूस सकाळी स्टेशनवर उतरतो, टॅक्सी करतो, वाटेत दौलताबाद, मग लेणी, मग घृष्णेश्वराचं दर्शन, परत येताना बीबी का मकबऱ्यासमोर दहा-बारा फोटो आणि रात्रीच्या गाडीनं परत. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, हे रोज चालतं. १९८३ ला अजिंठा आणि वेरूळ दोन्ही जागतिक वारसा यादीत गेले, एका जिल्ह्यात अशी दोन ठिकाणं आहेत, आणि तरी गुलमंडीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या बाजारातल्या, एखाद्या दुकानदाराला विचारा की बाहेरचा पर्यटक दुकानात शेवटचा कधी आला होता, तर त्याला आठवावं लागतं. मी काही वर्षं जुन्या शहरात हेरिटेज वॉक घेते, म्हणजे लोकांना गल्ल्यांतून चालत नेऊन शहराची गोष्ट सांगते, त्यात जे जमलं आणि जे फसलं त्यावरून हे लिहितेय, तुमचं गाव जुन्नर असो, पैठण असो नाहीतर वाई, बऱ्याच गोष्टी तशाच लागू होतील.

सगळ्यात आधी पर्यटकांच्या आकड्याचं वेड डोक्यातून काढा. "यंदा इतके लाख लोक आले" असं पेपरात छापून येतं आणि आपल्याला वाटतं गावात पैसा आला. तो आकडा तिकीटखिडकीवरचा असतो, आणि लेण्यांचं तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, म्हणजे तो पैसा केंद्राकडे जातो. शहराच्या वाट्याला येतं ते खोलीचं भाडं, जेवण, चहा, रिक्षा, खरेदी, धोब्याचे कपडे, मुलांसाठी घेतलेला खाऊ. आणि यातलं बरंचसं माणूस रात्री मुक्कामाला राहिला तरच होतं. एक रात्र वाढली म्हणजे एक रात्रीचं जेवण, एक सकाळचा नाश्ता आणि मोकळी संध्याकाळ वाढली, आणि खरेदी जी होते ती मोकळ्या संध्याकाळीच होते, लेण्या बघून थकलेल्या दुपारी कोणी साड्या बघत बसत नाही. म्हणून मोजायचं ते मुक्कामाच्या रात्री.

यात एक गंमत नीट समजून घ्या. रस्ता आणि रेल्वे चांगली झाली की पर्यटन आपोआप वाढेल असं सगळे धरून चालतात. डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, आणि चांगलंच झालं ते. पण रस्ता चांगला झाला की माणूस लवकर येतो तसा लवकर जातोही. आधी नाशिकहून वेरूळला आलेलं कुटुंब अंधार पडला म्हणून राहायचं, आता रात्री दहाला घरी पोचतं. तेव्हा थांबायला कारण तुम्ही तयार केलं पाहिजे, रस्ता ते काम करून देत नाही.

आधी रुपयाचा माग काढा

याला कन्सल्टंट लागत नाही, एक वही आणि चार तरुण पोरंपोरी लागतात. दोन शनिवार-रविवार स्टेशनवर, बसस्टँडवर, मकबऱ्याच्या बाहेर उभं राहा आणि परतीच्या वाटेवरच्या लोकांना सहा-सात साधे प्रश्न विचारा. कुठून आलात, कुठे राहिलात का परत चाललात, गाडी कुठली केली, जेवलात कुठे, काय विकत घेतलं, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे अजून काय बघायचं होतं जे राहिलं. लोक मोकळेपणानं सांगतात, फक्त फॉर्म हातात देऊ नका, बोलत बोलत तुम्हीच लिहून घ्या.

मग प्रत्येक खर्चापुढे लिहा की हा पैसा शेवटी कोणाच्या घरात गेला. समजा एका जोडप्यानं दिवसात आठ हजार खर्च केले. गाडी पुण्याहून केलेली, म्हणजे ते पैसे पुण्याला. हॉटेल मोठ्या साखळीचं, तर त्यातले पगार आणि भाजी-दूध इथलं, बाकीचं बाहेर. साडी घेतली ती ड्रायव्हरनं नेलेल्या दुकानातून, त्यात ड्रायव्हरचं कमिशन, आणि साडी पॉवरलूमची दुसऱ्या राज्यातून आलेली. असं करत करत तुम्हाला कळतं की आठ हजारातले इथे रुजले किती. पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. पण त्याच वहीतून पुढचं सगळं काम निघतं, कारण गळती जिथे दिसते तिथेच कोणाला तरी धंदा करायला जागा असते.

अजून एक, भाविकाला पर्यटकात धरा. घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग आहे, शिर्डी तीन-एक तासांवर, खुलताबादचा भद्रा मारुती, पैठणला नाथांची समाधी. शिर्डी-शिंगणापूर-घृष्णेश्वर अशी बस भरून लोक येतात आणि शहराच्या कडेनं निघून जातात. हे लोक लेण्यांच्या शैलीवर व्याख्यान ऐकायला येत नाहीत, पण स्वच्छ धर्मशाळेसारखी खोली, बिनकांद्या-लसणाचं जेवण आणि संध्याकाळी दोन तास बायकांना निवांत बाजार हे मिळालं तर नक्की थांबतात. तसेच अजिंठ्याला श्रीलंका, थायलंड, जपानहून येणारे बौद्ध यात्रेकरू. त्यांना कोणी सांगतच नाही की विद्यापीठामागच्या डोंगरात शहराच्या हद्दीतच औरंगाबाद लेणी आहेत, आणि जवळच नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. ही अर्ध्या दिवसाची वेगळी सहल आहे आणि तिचा मुक्काम शहरातच पडतो.

रिकामा वेळ शोधा

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दरवर्षी कित्येक लोक हे न बघता येतात आणि हिरमुसतात. आमच्यासाठी हाच दिवस सोन्यासारखा आहे. सोमवारी आलेल्याला सांगायचं, आज वेरूळ करा, संध्याकाळी शहर बघा, रात्री राहा आणि उद्या पहाटे अजिंठ्याला निघा, ते शंभर किलोमीटर आहे, ऊन चढायच्या आत पोचलं पाहिजे. रविवारी आलेल्याला उलटं. म्हणजे तुमच्या गावातल्या मोठ्या आकर्षणाचं वेळापत्रक पाठ करा आणि त्याच्या आधीची संध्याकाळ नाहीतर नंतरची सकाळ तुमची करून टाका. मोठ्या आकर्षणाशी स्पर्धा करायला जाऊ नका, वेरूळच्या कैलासापुढे आपण काय दाखवणार, पण कैलास सूर्यास्ताला बंद होतो आणि शहर तेव्हा जागं होतं.

हे वेळापत्रक एका कागदावर छापा, मराठी-हिंदी-इंग्रजीत, आणि हॉटेलच्या रिसेप्शनवर, रिक्षावाल्यांकडे ठेवा. ॲप वगैरे नंतर. रिसेप्शनवरचा पोरगा जे तोंडानं सांगतो तेच लोक करतात, म्हणून त्या पोराला एकदा फुकट वॉकला आणा, त्याच्या आईवडिलांनाही आणा. माझ्याकडे पहिल्या वर्षी आलेली निम्मी माणसं अशा दोन-तीन पोरांनी पाठवलेली होती.

वॉक बांधायचा कसा

अहमदाबादचं उदाहरण बघा. तिथल्या महानगरपालिकेनं १९ नोव्हेंबर १९९७ ला क्रूटा फाउंडेशनबरोबर हेरिटेज वॉक सुरू केला, काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ली-वस्त्यांमधून, सकाळचे दोनेक तास. त्यात बांधकाम काहीच नव्हतं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला रस्ता. मग वीस वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, अहमदाबाद जागतिक वारसा शहर झालं, भारतातलं पहिलं. यादीत नाव लागलं म्हणून वॉक सुरू झाला असं नाहीये, आधी लोकांना आपली गल्ली दाखवायची सवय लागली. म्हणून माझं सांगणं एवढंच की दर रविवारी सकाळी सात म्हणजे सात, दोन माणसं आली तरी निघायचं. मी एकदा एकाच बाईंना घेऊन पूर्ण वॉक केलाय, त्यांनी पुढच्या महिन्यात अख्खा भिशीचा ग्रुप आणला.

रस्ता दीड ते दोन किलोमीटर, त्याहून जास्त नको. वेळ दोन तास. माणसं दहा, फार तर बारा. त्यावर गेलं की मागच्याला ऐकू येत नाही आणि गल्ली अडते. एकदा एका ट्रॅव्हलवाल्यानं न सांगता चाळीस जण पाठवले, मीही लोभानं हो म्हटलं, आणि नमाजाच्या वेळी आमचा घोळका दारातच. त्या मशिदीतल्या मंडळींनी काही बोलून दाखवलं नाही, पण पुढचे दोन महिने तिथे उभं राहायला मला लाज वाटत होती. तेव्हापासून तेराव्या माणसाला दुसरा दिवस. रस्ता ठरवताना आधी टॉयलेट कुठे आहे ते बघा, मग सावली, मग बसायला जागा, आणि मग इतिहास. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सत्तर वर्षांच्या आजींना दुसऱ्या तासाला काय लागतं ते वॉक घेणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

आता गोष्ट. हाच वॉकचा कणा आहे आणि इथेच बहुतेक लोक घसरतात, राजांची नावं आणि सनावळ्या सुरू करतात, की चौथ्या मिनिटाला लोक मोबाईल काढतात. एक धागा पकडा आणि दोन तास तोच ओढा. मी पाणी पकडलं. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी नावाच्या गावाच्या जागी हे शहर वसवलं, आणि वसवल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा, कारण हा प्रदेश तेव्हाही कोरडाच. त्यानं डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं, नहर-ए-अंबरी, कुठेही पंप नाही, फक्त उतार. पुढे इतर नहरी झाल्या, खापराचे नळ, मध्ये मध्ये दाब सांभाळायला आणि हवा जायला विटांचे मनोरे. पाणचक्की त्याच तंत्राची, अठराव्या शतकातली. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात फकीर आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळायला ती होती. मी लोकांना तिथे आधी काही सांगत नाही, हौदाच्या काठाशी दोन मिनिटं गप्प उभं करते. वरून पाणी पडतं, त्याचा तुषार चेहऱ्यावर येतो, उन्हाळ्यात तर तिथून कोणाला हलावंसं वाटत नाही. मग विचारते, तुमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं? इथले लोक लगेच हसतात, कारण आमच्याकडे आठ-आठ दिवस वाट बघायला लागलेली आहे. आणि मग चारशे वर्षांपूर्वी हा माणूस, हबशी, म्हणजे आफ्रिकेतला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, त्यानं डोंगरातून पाणी कसं आणलं ते ऐकायला सगळे कान देऊन उभे राहतात. तिथून पुढे भडकल दरवाजा, जो मलिक अंबरच्याच काळातला, मग बाकीचे दरवाजे. ५२ दरवाज्यांचं शहर म्हणतात, त्यातले आज थोडेच उभे आहेत, दिल्ली दरवाजा, मकाई, रंगीन, पैठण गेट, काहींची अलीकडे दुरुस्तीही झाली. सगळे एकाच दिवशी दाखवायचा हट्ट करू नका, तीन पुरे.

वॉकला पैसे घ्याच. फुकट ठेवला की लोक नाव देऊन येत नाहीत. समजा माणशी ३५० ठेवले आणि दहा जण आले, तर ३५०० झाले. त्यातले ५०० ज्याच्या दारात आपण थांबतो त्या विणकराला, ३०० ज्यांनी जुना वाडा आतून बघू दिला त्यांना, २०० चहाला, ४०० मागे चालणाऱ्या मदतनीस पोराला, राहिलेले २१०० सांगणाऱ्याचे आणि छपाई-फोनचे. हे वाटप निघताना लोकांना स्पष्ट सांगा, लपवायचं काय त्यात. उलट त्यांना बरं वाटतं की पैसे गल्लीत चाललेत. आणि वाड्यातल्या काकूंच्या हातात पाकीट त्याच दिवशी द्या, महिन्याच्या शेवटी नाही.

परवान्याचं थोडक्यात. रस्त्यावर, बाजारात वॉक घेणं वेगळं, आणि मकबरा, दौलताबाद, लेणी अशा केंद्रीय संरक्षित वास्तूंच्या आत गाईडचं काम करणं वेगळं, तिथे परवानाधारक गाईडच लागतो. त्यांच्याशी स्पर्धा करू नका, त्यांच्याकडे दिवसभराचे पाहुणे असतात, त्यांच्याशी ठरवून घ्या की संध्याकाळ तुमची. पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन कोर्स आहे, तरुणांना तो करायला लावा.

विणकराच्या दारात

आमच्या शहराची खरी शिल्लक कुठे असेल तर हिमरू या हातमागाच्या कापडात आहे. तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली त्या चौदाव्या शतकात कारागीर इथे आले अशी पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. किनखाब, म्हणजे सोन्या-चांदीच्या जरीचं कापड, राजघराण्याचं, आणि हिमरू त्याचा परवडणारा भाऊ, ताणा म्हणजे उभे धागे सुताचे आणि बाणा म्हणजे आडवे रेशमाचे. हातमागावर काम चालू असताना बघितलंय का कधी? धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, डावीकडून उजवीकडे जातो तेव्हा टक्क असा आवाज येतो, मग फणी ठोकल्याचा बसका आवाज, आणि एवढ्यातून कापड पुढे सरकतं ते एका सुताएवढं. आमच्या वॉकमधले विणकर मामू साठीच्या पुढचे आहेत, चष्मा कपाळावर, बोलताना हात थांबत नाही. एका मुलीनं विचारलं, दिवसात किती होतं, तर त्यांनी बोटांनी वीतभर दाखवलं. त्या मुलीनं तिथल्या तिथे शाल घेतली, भाव न करता. दुकानात तीच शाल ती निम्म्या किमतीला मागत होती.

म्हणून कारागिराला नुसतं "प्रदर्शनात" बसवू नका. त्याच्या दारात लोकांना घेऊन जा, वेळ ठरवून, आठवड्यातून दोनदाच, आणि बघायचे पैसे वेगळे द्या, विक्री झाली नाही तरी. नाहीतर बिचाऱ्याचा माग बंद राहतो आणि दिवस बुडतो. लोकांना एकदा धोटा टाकून बघू द्या, त्यासाठी जुना माग बाजूला ठेवा, चालू कामावर नको, एक धागा तुटला की तासभर जातो.

पैठणीचंही तसंच. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारा भौगोलिक ओळखीचा टॅग, मिळाला, पण नुसता टॅग कपाटात ठेवून विणकराच्या घरात पैसे येत नाहीत, गिऱ्हाइकाला फरक ओळखता आला पाहिजे. मी वॉकच्या शेवटी पाच मिनिटं तेवढंच शिकवते. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया पुढून जसे तसेच मागून दिसतात, मागे सुटे दोरे लोंबत नाहीत. मागून धाग्यांचं जाळं दिसलं की समजा मशीनवरची. पॉवरलूमची साडी घेऊ नका असं मी म्हणत नाही, बजेट असतं लोकांचं, पण जी आहे ती तशीच सांगून विका. मला स्वतःला एका दुकानात हिमरू म्हणून छापील कापड विकलं होतं, तेव्हा मी नवीन होते, आणि त्या एका खरेदीनंतर आमच्या नात्यातल्या चार बायकांनी हिमरूचं नावच टाकलं. एक खोटी साडी दहा खऱ्या बुडवते. तेव्हा दुकानदारांशी साधा करार करा. जे दुकान लेबलवर "हातमाग" का "यंत्रमाग" हे स्पष्ट लिहील आणि ड्रायव्हरला कमिशन देणार नाही, त्याचंच नाव तुमच्या कागदावर. सुरुवातीला दोनच दुकानं तयार होतील, चालेल.

जेवण

नान-खलिया हा फक्त इथला पदार्थ आहे, फौजेसाठी मोठ्या देगेत एकदम शिजणारं मटण आणि भट्टीतला नान अशी त्याची जन्मकथा सांगतात. भट्टीवाला ओणवा होऊन आत हात घालतो आणि हळदीनं पिवळा झालेला नान काढतो, तो हातावरून हातावर उडवत आणायचा आणि खलियाच्या तर्रीत बुडवायचा. ज्यांना मटण चालत नाही त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, हिवाळ्यात हुरडा. यातलं काहीच बहुतेक हॉटेलांच्या मेन्यूत नाही, तिथे पनीर बटर मसाला आहे. एखाद्या बचत गटाला आठवड्यातून दोन रात्री पंधरा पानांचं जेवण करायला सांगा, आगाऊ बुकिंग घेऊनच, म्हणजे अन्न वाया जात नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, लहान धंद्याला ती ऑनलाइन आणि स्वस्तात होते, ती टाळू नका.

राहायला खोली

जुन्या शहरात रिकाम्या खोल्या भरपूर आहेत, मुलं पुण्याला गेलीत, वरचा मजला बंद आहे. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आहे, तिच्यात नोंदणी करा. बायकांनी २०२३ च्या "आई" धोरणाची माहिती काढावी, पर्यटनाचा धंदा करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा त्यात आहे, अटी पर्यटन संचालनालयाच्या ऑफिसात बसून नीट समजून घ्या. खोलीत काय हवं तर स्वच्छ संडास, जाड पडदा, गरम पाणी, आणि आतून लागणारी चांगली कडी. जुन्या कोनाड्यांवर टाईल्स मारू नका हो, लोक तेच बघायला येतात! आणि पाण्याचं आधी बघा, टँकरचा खर्च भाड्यात धरा, नाहीतर सीझनला तोंडघशी पडाल. पाहुण्याला सरळ सांगा की इथे पाणी जपून वापरतात, नहरीची गोष्ट ऐकलेला माणूस ते मनापासून पाळतो.

घर दुरुस्त करायच्या आधी एक तपासा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, पहिल्यात नवं बांधकाम चालत नाही आणि दुरुस्तीला परवानगी लागते, दुसऱ्यात दुरुस्ती आणि बांधकाम दोन्हीला परवानगी लागते. लाखभर खर्चून मग नोटीस येण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

मोहल्ल्याला विचारल्याशिवाय काही करू नका

हे मी आधी लिहायला पाहिजे होतं, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. जुन्या शहरात मंदिर, दर्गा, मशीद, जैन देरासर, सगळं शंभर पावलांत असतं, आणि कधी कधी वातावरण तापतंही. शहराच्या नावावरून, औरंगजेबाच्या थडग्यावरून बातम्या होतात, की पुढच्या पंधरा दिवसांची बुकिंग रद्द. तेव्हा उपयोगी पडते ती फक्त ओळख. वॉक सुरू करायच्या आधी मी तीन महिने नुसती चहा पीत फिरले. मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे व्यवस्था बघणारे, मंदिराचे पुजारी, चौकातला पानवाला, पोलीस चौकीतले साहेब, सगळ्यांना सांगितलं काय करणारे, कधी येणार, किती जण. कुठे फोटो चालत नाही, कुठे डोकं झाकायचं, कुठे बायकांनी बाहेर थांबायचं, ते त्यांनीच सांगितलं. गोष्ट सांगताना कोणाच्या पूर्वजांना शिव्या पडतील असं एक वाक्य नको, आणि खोटं गोडही नको.

भाडी वाढतील हेही लक्षात ठेवा. चौकात दोन कॅफे आले की मालकाला वाटतं मामूंचा माग उठवून तिसरा काढावा. माग गेला की दाखवणार काय? म्हणून ज्यांच्यामुळे लोक येतात त्यांची जागा टिकवायची बोलणी पहिल्या वर्षीच करा, लेखी भाडेकरार करून द्या, वाटल्यास वॉकच्या पैशातून भाड्याला हातभार लावा.

महापालिकेकडे काय मागायचं

मोठं काही मागू नका. दरवाज्याखाली कचराकुंडी नको, रात्री पिवळा दिवा हवा, एक टॉयलेट जे रोज धुतलं जातं, आणि तीन भाषांत पाटी. आमच्या भागात लेण्यांजवळ कोट्यवधींची व्हिजिटर सेंटरं उभी राहिली, आणि पुढे वीज-पाण्याच्या बिलांपायी त्यांना कुलूप लागलं. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. म्हणून कुठलाही प्रस्ताव आला की सभेत उभं राहून एकच विचारा, पाचव्या वर्षी याचं लाईट बिल कोण भरणार, आणि उत्तर कागदावर घ्या.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले, म्हणजे जुन्नर, पन्हाळा, मालवण, विजयदुर्ग या गावांत आता गर्दी येणारच. तिथल्या लोकांनी आत्ताच वही काढावी. गाडी पार्किंगला सगळी मोकळी जागा देऊन टाकायच्या आधी बघा की किल्ला उतरून आलेला माणूस संध्याकाळी पाचला कुठे जातो. जुन्नरला त्याच तालुक्यात लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं कारण आधीच तयार आहे, फक्त पहिल्या रात्रीची खोली आणि जेवण उभं करायचंय.

सीझन ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पण पावसाळा सोडू नका, वेरूळला तेव्हा डोंगरावरून धबधबे पडतात आणि शहरातल्या खोल्या स्वस्त असतात. सुरुवात जुलैत करा, चुका करायला मोकळा वेळ मिळतो. पहिल्या चार रविवारी फक्त गावातलेच लोक घ्या, शाळेतल्या बाई, रिक्षावाले, बँकेतले, त्यांना अर्ध्या दरात, आणि शेवटी प्रत्येकाला एकच विचारा की कुठे कंटाळा आला. तो थांबा काढून टाका. वहीत रोज तीनच रकाने लिहा, किती आले, त्यातले किती रात्री राहिले, गल्लीत किती पैसे वाटले. दिवाळीपर्यंत मधला रकाना भरायला लागला पाहिजे. नाही भरला तर वॉक सकाळऐवजी सूर्यास्तानंतर हलवा आणि शेवटचा थांबा नानच्या भट्टीवर ठेवा, आम्ही तेच केलं, आणि जेवून उठल्यावर रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, तेव्हा बरेच जण आपणहून विचारतात की इथे जवळपास खोली मिळेल का.